नावातले अक्षर आणि मजुरीचा हक्क



मागेल त्याला काम हे तत्त्व महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीच्या कायद्यात आणले. २००५ साली केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. १ जानेवारी २०२४ पासून त्या कायद्याखालील मजुरीसाठी आधारशी जोडलेली देयक पद्धती सक्तीची झाली. जॉबकार्डावरचे नाव आधारवरच्या नावाशी जुळणे त्यामुळे निर्णायक ठरले. कष्टाची साक्ष हजेरीपटाने द्यावी आणि निकाल मात्र दोन याद्यांतील अक्षरांनी लावावा, अशी ही व्यवस्था!

याद्या जुळत नाहीत याचे कारण मजुराची लबाडी नव्हे. एका दप्तरात आडनाव आधी, दुसऱ्यात शेवटी. एकीकडे वडिलांचे पूर्ण नाव, दुसरीकडे केवळ आद्याक्षर. त्यात नाव रोमन लिपीत गेले की वाघमारे कोठे डब्ल्यूने, कोठे व्हीने सुरू होतो. ज्ञानेश्वराचा ज्ञ एक लेखनिक ‘डीएनवाय’ असा लिहितो, दुसरा ‘जीवाय’ असा. डोळ्यांना न दिसणारी एक जादा मोकळी जागाही संगणकाच्या लेखी दोन माणसे निर्माण करते. लिहिणारा हात सरकारचा. शिक्षा मात्र मजुराला.

यावर उपाय नाही असे कोणी म्हणू नये. मोकळ्या जागा, विरामचिन्हे व नावांचा क्रम आधी एकसारखा करून घेता येतो. उच्चारावरून नावे जुळवणाऱ्या साउंडेक्स पद्धतीचे पेटंट अमेरिकेत १९१८ सालचे आहे. पण ती पहिले अक्षर तसेच ठेवते. म्हणून वरचे दोन वाघमारे तिच्याही हाती लागत नाहीत. किती अक्षरे बदलली म्हणजे एक नाव दुसरे होते, हे मोजण्याची रीत लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ साली मांडली. मात्र रमा आणि उमा यांतही एकाच अक्षराचे अंतर आहे! म्हणून नावाबरोबर गाव, वय, वडिलांचे वा पतीचे नाव हेही ताडून पाहावे लागते.

फेलेगी आणि संटर यांनी १९६९ साली या शास्त्राला सैद्धांतिक बैठक दिली. त्यांनी निकाल तीन प्रकारचे सांगितले: जुळले, जुळले नाही आणि संशयास्पद. संशयास्पद नोंद माणसाने तपासावी, हे त्यात गृहीतच आहे. नोकरशाहीने हा तिसरा रकाना पुसून टाकला, की संशयाचा सारा भार दुबळ्याच्या माथी येतो. हे केवळ भारतात घडते असे नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात नावातील संयोगचिन्हाच्या फरकानेही मतदारनोंदणी अडकत असे. २०१८ साली अडकलेल्या सुमारे ५३ हजार अर्जांपैकी जवळजवळ ७० टक्के कृष्णवर्णीयांचे होते.

तेव्हा हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही. चूक दोन प्रकारची असते: परक्याला पैसे जाणे आणि हक्काच्या माणसाला न मिळणे. पहिली हिशेबतपासणीत उघडकीस येते. दुसरी चुलीपाशी मुकाट सोसली जाते. कोणती चूक किती पत्करायची, हा राजकीय निर्णय आहे. न जुळलेल्या नावांची यादी ग्रामसभेत वाचली जावी, नाव गाळण्यापूर्वी सुनावणी व्हावी, दुरुस्तीचा खर्च सरकारने सोसावा आणि तोवर मजुरी थांबू नये, या मागण्या कार्यकर्त्यांनी गावोगाव लावून धरल्या पाहिजेत. अक्षर चुकले तर अक्षर सुधारावे. माणूस खोडू नये.