बसच्या आकड्यांतील अर्थ



आपल्या एस्. टी.वर गावाची पाटी असते. वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड एवढे वाचले की काम झाले. मुंबईस तेवढ्याने भागत नाही. एकाच थांब्यावर अनेक दिशांच्या गाड्या लागतात. म्हणून ‘बेस्ट’च्या प्रत्येक मार्गाला क्रमांक दिलेला असतो.

हे क्रमांक काही सोडतीतून काढलेले नाहीत. मुंबईची पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. पुढे शहर उत्तरेस वाढले आणि आकड्यांचे गट पडले. साधारणपणे २०० च्या आतले आकडे मूळ शहराचे, २०० पासूनचे पश्चिम उपनगरांचे, ३०० पासूनचे पूर्व उपनगरांचे, ४०० पासूनचे या दोहोंना जोडणारे आणि ५०० पासूनचे नवी मुंबईकडचे. अपवाद असतात, पण दिशा कळते.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. जाणाऱ्या व येणाऱ्या गाडीचा क्रमांक एकच असतो. तेव्हा आकड्याबरोबर शेवटच्या थांब्याचे नावही वाचावे आणि मगच चढावे.

परळच्या टाटा रुग्णालयात दुखणेकऱ्याला घेऊन जाण्याची वेळ कोणावरही येते. धामणगावला आगगाडीत बसणे सोपे. दादरला उतरल्यावर छाती धडधडते. अशा वेळी आपल्याला गाडीची पाटी वाचता आली, तर निदान वाटेची चिंता उरत नाही. घरातल्या मुलींनाही हे जरूर सांगा.