‘बसतंय’ म्हणजे नेमकं काय?

काल याच व्यासपीठावर अद्वैतावर व्याख्यान झालं आणि आज टायरवर होतंय. (हशा) हसू नका, विषय फारसा बदललेला नाही. गाडी आणि चाक एक की दोन, हाच आजचाही प्रश्न आहे. बाजारातून दुसरी चाकं आणून आपल्या गाडीला लावायची असतील तर ती बसतील की नाही हे कसं ओळखायचं, एवढंच मला बोलायचं आहे. टायरच्या अंगावरचे आकडे कसे वाचायचे ते मी सांगत बसणार नाही. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के, १५ हे रिमचे इंच. मागच्या रांगेतल्या तरुणांना हे पाठ आहे, पुढच्या रांगेतल्यांनी मध्यंतरात त्यांना गाठावं. माझी तक्रार ‘बसणं’ या क्रियापदाबद्दल आहे. आपण ते फार सैल वापरतो. चाक चढलं, चारी नट आवळले, गाडी जॅकवरून खाली आली की दुकानदार म्हणतो, ‘बसतंय साहेब.’ तो खोटं बोलत नसतो. पण त्याच्यासमोरची गाडी रिकामी असते, उभी असते आणि तिचं स्टिअरिंग सरळ असतं. अशा गाडीला जवळजवळ काहीही बसतं. आपण मात्र गाडी भरतो, वळवतो आणि खड्ड्यात आपटतो. चाक बसलं की नाही याचा निकाल या तीन अवस्थांत लागतो आणि तो पैसे देण्याआधी लावून घेता येतो.

आधी आकड्यांचं बघू, कारण काही चाकं दुकानाबाहेर पडायच्याही लायकीची नसतात. नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. आपल्याकडच्या स्विफ्टला चार भोकं आणि १०० मिलिमीटर. पोलोलाही १००, पण भोकं पाच. फोर्ड फिगोला चार आणि १०८. फियाटच्या पालिओला, पुंटोला चार आणि ९८. या ९८ पाशी जरा थांबतो. पुंटो आपल्या रांजणगावला तयार व्हायची आणि स्विफ्टच्या डिझेल गाडीत इंजिन फियाटच्याच घराण्यातलं होतं, त्यामुळे या दोघी कुणालाही चुलत बहिणी वाटाव्यात. पण चाकांची सोयरीक जुळत नाही. १०० चं चाक ९८ च्या गाडीला लावलं तर प्रत्येक भोकापाशी चूक फक्त एक मिलिमीटरची असते. चाक चढतं, बोल्ट आवळले जातात, पानाही हाताला काही सांगत नाही. पण बोल्टचं निमुळतं तोंड आपल्या बैठकीत गोल न बसता एका कडेला टेकतं. त्या एका कडेवर सगळा जोर येतो, बोल्ट वाकून बसतो आणि पुढे सैल पडत जातो. बाजारात आठ भोकांची चाकं मिळतात, त्यांत चार-चारांची दोन वर्तुळं पाडलेली असतात. ती दोन वर्तुळं कोणती हे विचारल्याशिवाय ‘आठ आहेत, कुठली तरी चार लागतील’ या भरवशावर राहू नये. (हशा) पाच भोकांच्या चाकात समोरासमोर भोकच नसतं, तेव्हा शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणायचं. शाळेतली भूमिती एवढ्यासाठी तरी कामाला येते.

यापुढचा आकडा ऑफसेट. दुकानात त्याला ईटी म्हणतात. चाक जिथे हबला टेकतं ती पाठ रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, ते हा आकडा सांगतो. समजा मूळ रिम साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. आवडलेलं रिम सात इंची आणि ईटी ३५ चं आहे. रुंदी दीड इंचाने, म्हणजे ३८ मिलिमीटरने वाढली. तिची निम्मी वाढ, १९, दोन्ही अंगांना वाटली जाणार. ईटी १० ने कमी झाल्यामुळे अख्खं रिम आणखी १० बाहेर सरकणार. म्हणजे बाहेरची कड २९ मिलिमीटर मडगार्डकडे गेली आणि आतली ९ मिलिमीटर शॉकअबसॉर्बरकडे. हे गणित वहीच्या एका ओळीत मावतं, तरी ते न करता हजारो रुपये मोजले जातात. पण गणिताने भागत नाही हेच तर मी सांगतोय. गणित सांगतं की आत ९ मिलिमीटर जागा लागेल. ती आहे का, हे चाकाच्या खोबणीत डोकं घालूनच कळतं. त्यासाठी घरात उत्तम उपकरण आहे: कणकेचा गोळा. (हशा) खरंच सांगतो. टायर जिथे जिथे घासेल असं वाटतं, शॉकअबसॉर्बरच्या नळीवर, मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर, तिथे घट्ट मळलेल्या कणकेचे गोळे चिकटवा. गाडीत चार माणसं बसवा, स्टिअरिंग एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे पार टोकाला न्या, मग पुढचं एकच चाक हळूच फुटपाथच्या काठावर चढवून तेच पुन्हा करा. खाली उतरून बघा. गोळा होता तसा असेल तर जागा भरपूर आहे; दबला असेल तर उरलेली जाडी मोजा; खरवडून निघाला असेल तर चाकं त्याच दिवशी परत करा.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. लोक म्हणतात, कंपन्या पैसे आणि मायलेज वाचवायला बारीक टायर देतात, मग रुंद टायर घातला तर बिघडलं कुठे? मी मोठ्या टायरच्या विरोधात नाही, कृपया तसं ऐकू नका. स्विफ्टच्या स्वस्त मॉडेलला १६५/८० आर १४ आणि महागड्याला १८५/६५ आर १५ हे टायर कंपनीनेच दिले. पहिल्याचा व्यास ६१९.६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५. रिम इंचाने वाढलं, टायर वीस मिलिमीटरने रुंद झाला आणि उंची दोन मिलिमीटरसुद्धा वाढली नाही. पुढची पायरी १९५/५५ आर १६, तिचा व्यास ६२०.९. याला म्हणतात माप वाढवणं. त्याऐवजी १५ च्याच रिमवर १९५/६५ चढवला तर व्यास ६३४.५ होतो, दोन टक्क्यांच्या आसपासची ही वाढ मीटरला चुकवते आणि मडगार्डकडे सहा-साडेसहा मिलिमीटर वर चढते. बारीक टायर बदलायला माझी हरकत नाही, पण तो वरच्या अंगाला न वाढवता बाजूंना वाढवावा. आणि त्यातही टायरवरचा वजनाचा आकडा बघावा. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. १७ इंची शौकात लोक २०५/४५ आर १७ घेतात. हेच माप ८४ चंही मिळतं आणि जादा मजबुतीचं ८८ चंही. दिसायला दोन्ही सारखेच. चार चाकांत मिळून २४० किलोंचा फरक आहे, म्हणजे तीन-चार माणसं. आता गणपतीला कोकणात निघालेली गाडी डोळ्यांसमोर आणा. पाच माणसं, डिकीत सामान, टपावर आणखी काही, आणि मुंबई-गोवा महामार्ग. तिथे टायरची भिंत १२० मिलिमीटरवरून ९२ वर आणलेली असेल, तर खड्डा रबराशी नव्हे, थेट रिमशी बोलतो.

आता मधलं भोक. याबद्दल दुकानात कुणी विचारत नाही, सांगतही नाही. स्विफ्टच्या हबचा गोल उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा आहे. बाजारातली बरीच चाकं सगळ्या गाड्यांना चालावीत म्हणून ७३.१ चं भोक ठेवून येतात. म्हणजे चहूबाजूंनी साडेनऊ मिलिमीटरची पोकळी. ती भरायला प्लास्टिकचं किंवा ॲल्युमिनियमचं कडं मिळतं, तेही स्वस्तात. यावर जाणकार म्हणतील, निमुळता नट स्वतःच चाक मधोमध आणतो आणि वजन तर नटांच्या आवळण्यातून येणाऱ्या घर्षणावर पेललं जातं, मग कडं कशाला? बरोबर आहे. पण नट चाकाला मधोमध तेव्हाच आणतो, जेव्हा ते हवेत लटकत असताना नट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळले जातात. बंदूक लावून एकामागून एक नट ठोकले जातात तिथे कडंच उपयोगी पडतं. नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि गिऱ्हाईक बॅलन्सिंगच्या चकरा मारत राहतं. नटांचंही तसंच. मारुतीचे आटे १२ मिलिमीटर जाडीवर सव्वा मिलिमीटर अंतराचे, होंडा-टोयोटाचे दीडचे. एकाचा नट दुसऱ्यावर दोन वेढे जातो, पुढे पाना जोर लावतो आणि आटे जातात. होंडाच्या मूळ नटाचं तोंड गोलाकार असतं, बाजारातल्या बहुतेक चाकांची बैठक निमुळती. मूळचे नट नव्या चाकाला चालत नाहीत. आणि ज्यांना घासणाऱ्या चाकावर स्पेसर, म्हणजे हब आणि चाकामध्ये घालायची चकती, हा उपाय वाटतो त्यांनी हिशोब करावा: सव्वाच्या आट्यावर पाच मिलिमीटरचा स्पेसर पूर्ण चार वेढे खातो. मूळच्या बोल्टवर एवढी उधळपट्टी करायला शिल्लक नसते.

नटांवरून स्टेपनी आठवली. खरं तर हा माझा विषय नव्हे, पण शब्द फार मजेदार आहे. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाकच नसायचं. वेल्समध्ये लॅनेली नावाच्या गावी डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये एक आऱ्यांशिवायचं, टायर चढवलेलं रिम काढलं. पंक्चर झालेलं चाक काढायचंच नाही; त्याच्याच अंगाला हे रिम चापांनी जखडायचं आणि घर गाठायचं. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून त्या चाकाचं नाव स्टेपनी. इंग्रजांनी पुढे तो शब्द टाकून दिला, आपण मात्र ‘स्टेपनी काढ रे’ म्हणत अजून त्या गल्लीचं नाव घेतो. (टाळ्या) गंमत अशी की ती मूळ स्टेपनी हबशी, नटांशी, भोकांशी काहीच संबंध ठेवत नव्हती. ‘कुठल्याही गाडीला बसतं’ हा दावा खराखुरा करता आला तो त्या चाकालाच, कारण ते गाडीला लागतच नव्हतं, दुसऱ्या चाकाला लागत होतं. आजच्या चाकाला तो दावा…

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, पाच मिनिटं. (हशा) वेल्सहून परत येतो. कायद्याचं दोन वाक्यांत उरकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. जर्मनीत बाजारातल्या चाकासोबत ते कोणत्या गाडीला, कोणत्या टायरसह चालेल याचा तपासणी दाखला येतो. आपल्याकडे चाचण्यांची सोय नाही असं कुणी म्हणू नये; पुण्याच्या टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आहे. नाही तो फक्त गिऱ्हाइकाच्या हातात पडणारा कागद. तो पडेपर्यंत कणीक मळायला पर्याय नाही. कुणी म्हणेल, दुकानदाराने आजवर हजार गाड्यांना चाकं लावली, त्याचं काय? त्याने लावली हे खरं. त्यांतली किती चाकं सहा महिन्यांनी मडगार्डला घासत परत आली, हे विचारा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

शेवटची विनंती. नवी चाकं लावलीत की पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या. मग डिकी उघडून स्टेपनी बघा. काही गाड्यांत कंपनीच लहान रिमची स्टेपनी देते, पण व्यास जुळवून. तुमच्या नव्या टायरशी तो जुळतो का ते मोजा. आणि जुने नट दुकानात सोडून येऊ नका. नवे नट लोखंडी स्टेपनीला बसतीलच असं नाही. जुने चार एका पिशवीत घालून स्टेपनीखाली ठेवा.