लकव्यानंतरचं बोलणं

स्पीच थेरपी म्हटलं की तोतरं बोलणारं किंवा तीन वर्षांचं होऊनही न बोलणारं मूल डोळ्यांपुढे येतं. त्या मुलांना तिचा उपयोग होतोच. पण आज बोलायचं आहे ते लकव्याने वाचा गेलेल्या मोठ्या माणसांबद्दल. पेशंट घरी आला की हातापायांच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्ट शोधतात, बोलणं मात्र ‘येईल हळूहळू’ म्हणून सोडून देतात. ही चूक फार महागात पडते.

बहुतेकांच्या भाषेचं काम मेंदूच्या डाव्या भागात चालतं. पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ साली ज्या रुग्णावरून हा माग काढला, तो ‘टां’ एवढंच बोलू शके, पण विचारलेलं त्याला बरंचसं कळे. डावा मेंदू शरीराची उजवी बाजू हलवतो, म्हणून उजवा हात लुळा पडतो तेव्हा पुष्कळदा भाषाही अडते. याला वाचाघात म्हणतात. चहा हवा असतो आणि तोंडून ‘पाणी’ निघतं. आपलं चुकलं हे त्या माणसाला कळतं, तो चिडतो, आणि घरच्यांना वाटतं, याचं डोकंच गेलं. तोच माणूस कधीकधी सगळ्यांबरोबर गणपतीची आरती म्हणतो, कारण चालीवर पाठ झालेले शब्द अनेकदा शिल्लक राहतात. थेरपिस्ट अशाच शिल्लक वाटा धरतो. कप पुढे ठेवून ‘सकाळी उठल्यावर गरम गरम...’ म्हणतो आणि थांबतो. तरीही नाही आलं तर नुसता ‘च’ उच्चारतो, आणि ‘चहा’ बाहेर पडतो. शब्द आतच होता. पुढे हा टेकू थोडा थोडा काढून घ्यायचा असतो.

कुणी म्हणेल, बोलणं आपोआपही सुधारतं. खरं आहे, पहिल्या काही महिन्यांत सुधारतं. पण २०१६ साली कॉक्रेन या संस्थेने ५७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा थेरपी मिळालेल्यांचा रोजचा संवाद ती न मिळालेल्यांपेक्षा सरस आढळला. ‘सहा महिने उलटले, आता काय उपयोग?’ हेही नेहमी ऐकू येतं. जर्मनीत सहा महिने किंवा त्याहून जुना वाचाघात असलेल्या १५६ जणांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला किमान दहा तास, असे तीन आठवडे थेरपी दिल्यावर त्यांचं बोलणं सुधारलं. म्हणजे वेळ गेलेली नसते, मात्र आठवड्यातून एकदा अर्धा तास जाऊन भागत नाही. सगळ्यांचं बोलणं पूर्ववत होतं असंही मी म्हणणार नाही. इजा मोठी असेल तर चित्रांची वही, खुणा, लिहिणं यांवर भर द्यावा लागतो, आणि त्यानेही माणूस आपलं म्हणणं मांडू शकतो.

तालुक्याच्या गावी तज्ज्ञ कुठून आणायचा, ही अडचण खरी आहे. व्हिडिओ कॉलवरून थेरपी घेता येते, पण सराव घरातच व्हायला हवा, आणि तो घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तेही त्याच तज्ज्ञाला लगेच सांगा, कारण गिळण्याची तपासणीही तेच करतात. आणि आजपासून एक करा. ‘काय हवं?’ असं मोघम विचारू नका. चहाचा कप आणि दुधाचा पेला दोन्ही समोर धरून ‘चहा की दूध?’ विचारा, आणि मनात दहा अंक मोजेपर्यंत मध्ये बोलू नका.