क्षणभराचा उजेड

स्वातंत्र्याच्या आगेमागची राजधानी दिल्ली ज्यांनी कॅमेऱ्यात टिपून ठेवली, त्यांत होमाई व्यारावाला यांचे नाव अग्रभागी आहे. नवसारीस १९१३ साली जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या पारशी बाई १९४२ साली नोकरीनिमित्त दिल्लीस आल्या. १९७० पर्यंत त्यांनी वृत्तछायाचित्रणाचा व्यवसाय केला. साडी नेसून, सायकलवर सामान लादून त्या राजधानीत हिंडत. स्पीड ग्राफिक हा त्यांचा कॅमेरा वजनाने भारी होता. त्या काळी रात्रीचे किंवा घरातले दृश्य टिपायचे तर बहुधा फ्लॅश-बल्बचाच आधार असे, आणि एक बल्ब म्हणजे एकच चित्र. तो पेटला की संपला.

या एकुलत्या संधीचे मोल किती, हे पुण्यातील एका प्रसंगावरून ध्यानी येते. १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकार चरख्यासह गांधीजींचे चित्र घेण्यास आल्या. गांधीजींना फ्लॅशचा झगझगाट आवडत नसे. म्हणून त्यांना तीनच बल्ब वापरण्याची मुभा मिळाली. पहिले दोन प्रयत्न वाया गेले. तिसऱ्याने चित्र साधले आणि ते जगभर गेले.

फ्लॅश-बल्ब म्हणजे प्राणवायूने भरलेल्या काचेच्या कुपीत ठेवलेली धातूची बारीक तार. विजेचा स्पर्श होताच ती भडकते. काच फुटून उडू नये म्हणून कुपीवर लाखेसारखा लेप दिलेला असे. पुष्कळ बल्बांवर एक निळा ठिपकाही असे; आत हवा शिरली की तो गुलाबी होई. असा बल्ब पेटवू नये, कारण तो फुटण्याचा धोका असतो. जुन्या पेटीत असे बल्ब आजही सापडतात. ते बसविताना चेहऱ्यासमोर धरू नयेत आणि पेटल्यावर लगेच उघड्या हाताने काढू नयेत. ते चांगलेच तापलेले असतात.

पुढे विजेवर चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आला आणि बल्ब मागे पडला. फिल्मचा कॅमेरा वापरण्याची हौस अलीकडे तरुणांत पुन्हा दिसू लागली आहे. चांदणी चौकातील कूचा चौधरी हा दिल्लीचा कॅमेऱ्यांचा जुना बाजार. तिथून घेतलेला किंवा आजोबांच्या कपाटातून निघालेला फ्लॅश कॅमेऱ्यावर चढविण्याचा मोह होतो. पण तत्पूर्वी त्याची ओळख करून घ्यावी.

या लहानशा डबीत दोन-चार साध्या सेलांची वीज वाढवून सुमारे ३०० व्होल्टपर्यंत नेली जाते आणि कंडेन्सरमध्ये साठविली जाते. बटण बंद केले, सेल काढले, तरी हा साठा काही काळ तसाच राहतो. म्हणून फ्लॅशचे कवच घरी उघडू नये. तो धक्का जिवावर बेतू शकतो. सेलांच्या खाचेत पांढरा-हिरवा क्षार साचला असेल तर आधी तो साफ करून घ्यावा. वर्षानुवर्षे पडून राहिलेला फ्लॅश नवे सेल घालून काही मिनिटे भरू द्यावा, मग उडवावा, आणि असे चार-पाच वेळा केल्यावरच कामास घ्यावा. काम संपताच सेल काढून ठेवावेत.

दुसरा धोका कॅमेऱ्याला आहे. शटर उघडते त्या क्षणी कॅमेऱ्यातील दोन संपर्कबिंदू जुळतात आणि फ्लॅश उडतो. पुष्कळ जुन्या फ्लॅशांत या बिंदूंवर दीडशे-दोनशे व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक दाब असतो. सर्वस्वी यांत्रिक कॅमेऱ्यात धातूवर धातू टेकते. तो हा दाब बहुधा सोसतो. परंतु इलेक्ट्रॉनिक मंडल असलेला कॅमेरा त्याने कायमचा निकामी होऊ शकतो, आणि अशा कॅमेऱ्यांचे सुटे भाग बनणे बहुधा केव्हाच थांबलेले असते.

याची परीक्षा सोपी आहे. मल्टिमीटर एकदिश विजेच्या मोठ्या मापावर ठेवावा. फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवून भरू द्यावा. मग मीटरची एक सळई त्याच्या तळातील मधल्या बिंदूला आणि दुसरी कडेच्या धातूला लावावी; बोटे मात्र धातूला लागू देऊ नयेत. दिसलेला आकडा कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकातील मर्यादेहून अधिक असेल, किंवा ती मर्यादा ठाऊकच नसेल, तर तो फ्लॅश त्या कॅमेऱ्यावर चढवू नये.

जोडणीतही दक्षता हवी. कॅमेऱ्यावर ‘एम’ आणि ‘एक्स’ अशी दोन अक्षरे असली तर ‘एम’ बल्बसाठी आणि ‘एक्स’ इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी, हे विसरू नये. बल्ब पूर्ण पेटायला थोडा अवधी लागतो. म्हणून ‘एम’वर शटर किंचित उशिरा उघडते. तेथे इलेक्ट्रॉनिक फ्लॅश लावला तर उजेड आधीच संपतो आणि फिल्म कोरी राहते. कापडी पडद्याच्या कॅमेऱ्यात वेग साधारणपणे एक साठांश सेकंदाहून जलद ठेवू नये. नाहीतर अर्धे चित्र काळे येते. उजेडाचे गणितही सरळ आहे. फ्लॅशचा निर्देशांक २४ असेल आणि माणूस ३ मीटरवर असेल, तर भागाकार ८ येतो. तेच भिंगाचे छिद्र.

तिसरी काळजी माणसांची. फ्लॅशची काच कातडीला किंवा काळ्या कापडाला टेकवून उडवू नये, चटका बसतो. तान्ह्या मुलाच्या डोळ्यांजवळ तो धरू नये. दिल्लीच्या वरातीत घोडी बुजते, नवरदेव पडू शकतो. रस्त्यावर वाहन हाकणाऱ्याचे डोळे दिपतात. अशा वेळी हात आवरावा.

शेवटची एक परीक्षा फुकट होते. फिल्म भरण्यापूर्वी कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडावे, भिंगाचे छिद्र पुरते मोकळे करावे, फ्लॅश पांढऱ्या भिंतीकडे रोखावा आणि मागून पाहत शटर दाबावे. चौकट पूर्ण उजळलेली दिसली तर सर्व ठीक. अर्धी दिसली किंवा दिसलीच नाही, तर दोष तिथेच सापडला. छत्तीस चित्रे धुऊन आल्यावर लग्नघराला तो सांगण्याची वेळ मग येत नाही.