प्रिंटर भंगारात देण्याआधी



आमच्या बचत गटाकडे एक जुना लेझर प्रिंटर आहे, वापरलेलाच घेतलेला. गटाचे ठराव, कर्जाचे अर्ज, मसाल्याच्या पाकिटांवरची लेबलं, सगळं त्यावरच निघतं. गेल्या श्रावणात, बँकेत कर्जाचा प्रस्ताव द्यायच्या आदल्या दिवशी त्यानं कागद ओढायचंच बंद केलं. तालुक्याला नेला, तर दुरुस्तीवाल्यानं न उघडताच सांगितलं, "भंगारात द्या, नवीन घ्या." नवीन घ्यायचा म्हणजे गटाची कित्येक महिन्यांची बचत. आम्ही तो तसाच परत आणला.

आमच्यातली एक शिवणकाम करते. ती म्हणाली, "शिलाई मशीन कापड पुढे सरकवत नसेल, तर आपण आधी दाते साफ करतो ना? मग याचंही बघू या." बघितलं, तर कागद ओढणारं रबराचं रोलर धुळीनं गुळगुळीत झालं होतं. सुती कापडाचं टोक पाण्यात बुडवून घट्ट पिळलं, रोलर फिरवत पुसलं, वाळू दिलं. रात्री प्रिंटर चालू झाला आणि सकाळी प्रस्ताव बँकेत गेला. म्हणून आज तुमच्याशी याच विषयावर बोलतोय.

पहिली गोष्ट, आत हात घालण्याआधी बटण बंद करा, प्लग काढा आणि अर्धा तास थांबा. लेझर प्रिंटर काळी पूड तापवून कागदावर चिकटवतो. तो तापणारा भाग २०० अंशांच्या आसपास जातो. चुलीवरच्या तव्यासारखाच समजा.

कागद सारखा अडकत असेल, तर आधी कागद बघा. पावसाळ्यात कागद ओल धरतो, वाकतो, एकमेकाला चिकटतो. गठ्ठा फोडला की उरलेला प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. ट्रेमध्ये भरताना पानं पत्त्यांसारखी सुटी करा आणि ट्रे गच्च भरू नका. अडकलेला कागद दोन्ही हातांनी, ज्या दिशेनं तो जातो त्याच दिशेनं, हळू ओढा. हिसका दिला की तुकडा आत राहतो. रोलरला रॉकेल किंवा थिनर लावू नका, रबर खराब होतं.

अक्षर फिकं येत असेल, तर कार्ट्रिज बाहेर काढून आडवं धरा आणि सूप हलवतो तसं हळू पाच-सहा वेळा इकडून तिकडे हलवा. बाजूला साचलेली पूड पसरते आणि आणखी काही पानं निघतात. कार्ट्रिजचा चकचकीत गोल ड्रम मात्र बोटानं शिवू नका, उन्हात ठेवू नका. उजेडानं तो खराब होतो. पानावर ठरावीक अंतरानं तोच डाग परत परत दिसला, तर बहुधा ड्रमला किंवा एखाद्या रोलरला ओरखडा किंवा घाण असते. आधी दुसरं कार्ट्रिज लावून बघा. डाग गेला, तर दोष पहिल्या कार्ट्रिजचाच.

पूड सांडली, तर फुंकर मारू नका, नाकातोंडात जाते. कोरड्या कापडानं टिपा. हात आणि लुगडं थंड पाण्यानं धुवा. गरम पाण्यानं पूड वितळून कपड्यात बसते.

कधी संगणकावरून छापायला सांगतो आणि प्रिंटर गप्प बसतो. अशा वेळी वायर दोन्हीकडून काढून परत बसवा. संगणकावर अडकून बसलेली जुनी कामं रद्द करा, दोन्ही यंत्रं बंद करून परत चालू करा. बऱ्याच प्रिंटरवर चाचणीचं पान काढायची सोय असते. ते पान संगणकाशिवाय नीट निघालं, तर प्रिंटर बरा आहे. दोष वायरीत किंवा संगणकात शोधा.

वीज गेली, तर लहान इन्व्हर्टरवर लेझर प्रिंटर लावू नका. तापताना तो एकदम भरपूर वीज ओढतो.

आता, मेकॅनिककडे कधी जायचं? कोरड्या, चांगल्या कागदावरचीही अक्षरं बोट लावताच पुसली जात असतील, तर तापणारा भाग बिघडलेला असू शकतो. जळका वास आला किंवा आतून करकर आवाज आला, तर लगेच प्लग काढा. ही कामं आपली नाहीत. पण जाताना काय बघितलं, काय करून झालं, हे वहीत लिहून न्या. मग समोरच्यालाही न उघडता "भंगार" म्हणणं जड जातं.

आमच्या प्रिंटरशेजारी आता अशी एक वही टांगलेली आहे. कधी काय बिघडलं, कुणी काय केलं, सगळं तिच्यात आहे. तुमच्याही गटात एक वही ठेवा, आणि पहिलं पान आजच लिहा.