दार उघडं ठेवणाऱ्या बाई

‘ख्रिस्ती परंपरेतला शिक्षक आणि पुढारी’ या विषयावर चार शब्द बोला, असं मला सांगितलं गेलं तेव्हा मी जरा बिचकलोच. मी मुसलमान माणूस. पोटासाठी कारकुनी केली, हौसेनं मराठीत कविता लिहिल्या, शिक्षण बी.ए.पर्यंत. चर्च आणि धर्मशास्त्र हा काही माझा प्रांत नाही. पण माझं सारं आयुष्य दौंडात गेलं. दौंडहून पुण्याच्या गाडीत बसलं की पाटस, कडेठाण आणि मग केडगाव. पंडिता रमाबाईंचं केडगाव. लहानपणी अब्बांबरोबर त्या गाडीनं जाताना ते बोट करून दाखवायचे, ‘‘वो देख, बाई का मिशन.’’ अब्बा रेल्वेत खलाशी होते. त्यांना रमाबाईंबद्दल यापलीकडं काही ठाऊक नव्हतं, पण हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा, दर्ग्याजवळून जाताना यायचा तसा.

शाळेत आम्हांला मराठी शिकवायला एक ख्रिस्ती बाई होत्या. माझी मराठी तेव्हा घरातल्या दखनीची सख्खी बहीण होती. मी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणायचो आणि वर्ग हसायचा. बाईंनी मला वर्गात कधी दुरुस्त केलं नाही. मधल्या सुट्टीत बोलवायच्या आणि म्हणायच्या, ‘‘हं, दहा वेळा म्हण. पाणी, लोणी, गाणी.’’ चूक चारचौघांत काढायची नाही आणि सोडूनही द्यायची नाही, हा त्यांचा नियम. आज मी मराठीत कविता लिहितो त्याचं मूळ त्या दहा वेळच्या ‘पाणी’त आहे.

तास सुरू होण्याआधी बाई खुर्चीत बसून अर्धा मिनिट डोळे मिटायच्या. एकदा मी धीर करून विचारलं, ‘‘बाई, मनात काय म्हणता?’’ त्या म्हणाल्या, ‘‘काही नाही रे, तुमची नावं घेते.’’ तेव्हा मला वाटलं, मनातल्या मनात हजेरी घेत असतील.

पुढं वाचायला लागलो तेव्हा कळलं की या अर्ध्या मिनिटामागं मोठी परंपरा आहे. ख्रिस्ती लोक येशूला प्रभू म्हणतात, पण त्याचे शिष्य त्याला गुरुजी म्हणत. त्याची शिकवायची रीतही खेडुतांना कळेल अशी. पेरणारा शेतकरी, हरवलेलं मेंढरू, घर सोडून गेलेला मुलगा, असे साधे दाखले. आणि पुढारीपणाबद्दलची त्याची शिकवण एका प्रसंगात आलेली आहे. योहानाच्या शुभवर्तमानात ती कथा आहे. शेवटच्या रात्री भोजनाच्या वेळी गुरू उठतो, कमरेला पंचा बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्र संकोचून नको म्हणतो. पाय धुणं हे नोकराचं काम. गुरूनं ते केलं आणि शिष्यांनीही एकमेकांसाठी तसंच करावं, असं सांगितलं.

मराठी ख्रिस्ती समाजात चर्चच्या प्रमुखाला ‘पाळक’ म्हणतात. मेंढरांची राखण करतो तो पाळक. शब्द किती नम्र आहे! पण आमच्याकडं लोक त्याला ‘पाळकसाहेब’ म्हणायचे. नम्र शब्दापुढं ‘साहेब’ चिकटला की काय होतं, ते सगळ्याच धर्मांत पाहायला मिळतं. आमच्या हदीसमध्येही असाच आशय आहे, की तुमच्यातला प्रत्येकजण मेंढपाळ आहे आणि आपल्या कळपाबद्दल त्याला जाब द्यावा लागेल. जाब द्यायचाय, हे विसरून नुसती काठी तेवढी हातात राहिली की पाळकाचा साहेब होतो आणि मौलवीचाही.

हा ‘साहेब’ नाकारणाऱ्या ज्या व्यक्ती मराठी ख्रिस्ती समाजात होऊन गेल्या, त्यांत रमाबाई मला सर्वांत जवळच्या वाटतात. त्यांचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं आणि त्या आईनं रमाबाईंना शिकवलं. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी हिंदुस्थान पालथा घालत त्या १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. लग्न झालं, दोन वर्षांच्या आत वैधव्य आलं. तान्ही मुलगी मनोरमा पदरात. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथंच त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथंपर्यंतची कथा पुष्कळांना ठाऊक असते. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा प्रसंग. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत होत्या आणि शिकवतही होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं, असा विचार १८८५च्या सुमारास पुढं आला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवणं शोभत नाही, मायदेशी तिच्याबद्दल गैरसमज होईल, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे पुण्याच्या शास्त्र्यांनी जे म्हटलं असतं तेच! रमाबाईंनी पत्रांतून उत्तर दिलं. त्याचा मतलब असा, की मी माझ्या देशात पुरुषांच्या सभांपुढं बोललेली आहे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टानं मान सोडवली ती दुसऱ्याच्या जोखडात अडकवायला नव्हे. मला देवानं विवेक दिलाय आणि त्याबद्दल मी देवापुढं उत्तर देईन. ही पत्रं पुढं पुस्तकरूपानं १९७७ साली प्रसिद्ध झाली. चर्चमध्ये येऊन दोनच वर्षं झालेली, परक्या देशात परक्यांच्या आधारावर राहणारी एक विधवा हे लिहीत होती, हे लक्षात घ्या.

अमेरिकेत त्यांनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, म्हणजे मुलाला हातांनी, खेळातून, वस्तूंतून शिकवायचं. मराठी क्रमिक पुस्तकंही तयार केली. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढं धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. एका वर्गातून दुसरा वर्ग निघतो तो असा.

पण श्रोतेहो, आता अवघड भाग. शारदा सदनात धर्मशिक्षण नव्हतं. रमाबाईंनी तशी हमी दिली होती आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार म्हणून पाठीशी होती. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. गावात ओरड झाली, ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलवत नाही, पण येणाऱ्या मुलीला हाकलणारही नाही. माझ्या देवाला मी दाराआड का लपवू? १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

यात चूक कुणाची? तरुणपणी मी बेधडक रमाबाईंच्या बाजूनं होतो. मग तेच माझ्या घरात घडलं.

नोकरी सांभाळून संध्याकाळी मी घरच्या पुढच्या खोलीत मुलांचा अभ्यास घेतो. फी नाही. गल्लीतली पोरं येतात. बहुतेक मुसलमानांची, काही इतरांची. मगरीबची वेळ झाली की मी आतल्या खोलीत नमाज पढतो. दार उघडं असतं, कारण पोरांवर कान ठेवावा लागतो. एकदा पाचवीतली एक हिंदू मुलगी आत आली आणि दुवा मागताना माझ्यासारखेच हात पसरून बसली. मी हसलो. पोरच ते, मला कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी तिची आई दारात उभी.

‘‘सर, तुमच्यावर माझा इस्वास हाय. पण पोरीनं काल घरी बी तसेच हात धरले. सासूबाई जेवल्या नाहीत. लोक काय काय बोलतात. मी काय सांगू त्यांना?’’

त्या बाईंच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. मी म्हणालो, ‘‘ताई, मी तिला काही शिकवलं नाही.’’ हे खरं होतं. पण सांगताना माझंच समाधान होईना. दहा वर्षांच्या पोरीला ज्या माणसाचं अक्षर आवडतं, त्याच्यासारखं अक्षर ती काढते. त्याच्यासारखे हातही ती पसरणारच. शिक्षकाचं दार नुसतं उघडं नसतं, ते बोलावत असतं. रमाबाईंच्या खोलीत गेलेल्या मुली आपखुशीनंच गेल्या, पण त्या अशा बाईंच्या खोलीत गेल्या, जिनं त्यांना केशवपनाच्या धास्तीतून, उपासमारीतून बाहेर काढलं होतं. अशा मायेपुढं आपखुशी किती आणि भारावलेपण किती, हे कोण मोजणार? रानडे-भांडारकरांना पालकांना दिलेल्या शब्दाची काळजी होती. त्यात तथ्य होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग आठवडाभर मी दार लावून नमाज पढलो. तेही जमेना. आपण काहीतरी चोरून करतोय असं वाटायला लागलं. पोरंही कुजबुजायला लागली. इकडं आमच्यातलेच एक वडीलधारे म्हणाले, ‘‘दीन सिखाते नहीं, तो इतनी मेहनत किस वास्ते?’’ म्हणजे एका बाजूला मी धर्म शिकवतो ही तक्रार, दुसऱ्या बाजूला शिकवत नाही ही! रमाबाईंचीही हीच गत झाली होती. पुणेकरांना त्या फार ख्रिस्ती वाटत आणि त्यांना घडवू पाहणाऱ्या काही मिशनरी मंडळींना पुरेशा ख्रिस्ती वाटत नसत.

रमाबाईंनी आपला गुंता पुढं एका अर्थानं सोडवला. १८९६-९७च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती उभी राहिली, ती उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून. इथं काय चालतं याबद्दल आता कुणाचा गैरसमज होणार नव्हता. १९००च्या दुष्काळानंतर तिथं दोन हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींना ब्रेलमधून शिक्षण, सगळं बायकांच्या हातात. शारदा सदनात शिकलेल्या मुली आता शिकवत होत्या, देखरेख करत होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. त्याचे खिळे जुळवले ते तिथल्याच बायकांनी. १९२२च्या एप्रिलमध्ये भाषांतराचं काम हातावेगळं करून त्या गेल्या. मनोरमा आदल्या वर्षीच गेली होती. पण बायकांनी कामं वाटून घेतलेली होती, म्हणून मुक्ती बंद पडली नाही. ती आजही आहे.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचंही मला असंच वाटतं. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती. चर्चच्या पुढाऱ्यानं पगाराची आणि अधिकाराची खुर्ची सोडून जमिनीवर येऊन बसणं, हेही पाय धुण्यासारखंच.

माझा गुंता लहान होता आणि मी लहानच तोड काढली. सगळ्या पालकांना बोलावलं, सतरंजीवर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, ‘‘ही माझी खोली. मी पाच वेळा नमाज पढतो, त्यातली एक तुमच्या पोरांच्या वेळेत येते. दार उघडं राहील. तेवढा वेळ अभ्यासाला सुट्टी. सगळी पोरं अंगणात फुटाणे खातील, आमचीसुद्धा. कुणीही कधीही येऊन मागं बसा आणि मी काय शिकवतो ते ऐका.’’ त्या दिवसापासून कुणी ना कुणी आई येऊन बसतेच. एक आजी तर आता अक्षरं गिरवते.

ती मुलगी मात्र परत आली नाही. तिची आई त्या बैठकीला आली होती, सगळं ऐकून घेतलं, चहाही घेतला. जाताना म्हणाली, ‘‘सर, माझ्या हातात नाही.’’ पुढं त्यांनी गाव सोडलं असं कळलं. मी हसलो होतो त्या संध्याकाळी, ते हसू मला अजून टोचतं. तिथंच उठून तिला अंगणात पाठवलं असतं आणि तिच्या आईकडं मीच आधी गेलो असतो, तर पोरगी शिकली असती. जाब द्यायचाय तो याचा.

केडगावच्या बाईंकडून आणि आमच्या शाळेतल्या बाईंकडून मी दोन गोष्टी घेतल्या. आपण जे आहोत ते लपवायचं नाही. आणि समोरचं पोर आपल्याला मिळालेलं नाही, कुणीतरी विश्वासानं सोपवलंय, हे विसरायचं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळणं फार कठीण आहे. रमाबाईंनाही ते प्रत्येक वेळी साधलं असं नाही.

मगरीबनंतर मी आता थोडा वेळ तसाच बसतो. बाहेर फुटाण्यांवरून भांडणं चाललेली असतात. मी मनात एकेकाचं नाव घेतो. त्यात त्या पोरीचंही असतं. मग उठून हाक मारतो, ‘‘चला रे, झाली सुट्टी. वह्या काढा.’’