यंत्रातला मालकंस

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)



भोसरी, आकुर्डी, चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना ‘सेटर’ म्हणजे कोण हे सांगायला नको. मशीनचं सगळं सेटिंग तो लावून देतो, मग जॉब मापात निघू लागतात. गाडी रस्त्यावर येते तेव्हा तिच्यावर कंपनीचं नाव असतं, सेटरचं नसतं. हिंदी चित्रपटगीतांच्या दुनियेतही असे पुष्कळ सेटर होऊन गेले. त्यांतल्या एकाविषयी आज बोलायचं आहे. त्यांचं नाव चरणजित सिंग.

मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत ते गिटार आणि बास गिटार वाजवत. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे त्यांनी काम केलं. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ मधलं ‘दम मारो दम’ आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्यात ट्रान्झिकॉर्ड नावाचं, अकॉर्डियनसारखं दिसणारं विजेवरचं वाद्य वाजतं. ते वाजवणारे हात चरणजित सिंगांचे. गाणं ओठांवर राहिलं, गायिका आणि संगीतकार घराघरांत पोहोचले. वादकाचं नाव मात्र जाणकारांपुरतंच उरलं.

नव्या वाद्याची त्यांना फार हौस होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं त्यांच्या हाती आली. पहिलं ज्युपिटर-८, हा सिंथेसायझर. दुसरं टीआर-८०८, म्हणजे ताल धरणारं यंत्र. तिसरं टीबी-३०३. हे तिसरं यंत्र बाजारात आलं १९८१ साली. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला घरबसल्या बास गिटारची साथ मिळावी, एवढाच त्याचा हेतू होता. तो साधला नाही, कारण त्याचा आवाज खऱ्या बास गिटारसारखा लागतच नव्हता. १९८४ मध्ये कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं.

गंमत अशी, की चरणजित सिंग स्वतःच बास गिटार वाजवणारे. नकली बास त्यांना कशाला हवा? त्यांनी या यंत्रातला वेगळाच गुण हेरला. त्यात सोळा खणांची एक ओळ भरता येते आणि ती आपोआप फिरत राहते. आपला तीनतालही सोळा मात्रांचा. शिवाय एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात आहे. मींड ऐकून तयार झालेल्या कानाला ती घसरण ओळखीची वाटली असेल. घरी बसून त्यांनी ही यंत्रं एकमेकांशी जुळवली आणि १९८२ मध्ये एक तबकडी काढली. तिच्या नावाचा अर्थ साधा आहे, डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. तबला नाही, तानपुरा नाही. ताल आणि बास यंत्रांवर सोडलेले, आणि राग मात्र हाताने वाजवलेला.

मी मराठीत गझल लिहितो, म्हणून मला ही तबकडी जवळची वाटते. गझल आपल्याकडे आली फारसीतून. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक होते. त्यांनी ती मराठीत आणली आणि सुरेश भटांनी तिला मराठी माणसाच्या बोलण्यातला सूर दिला. साचा बाहेरचा असला तरी त्यात काय ओतायचं हे आपल्या कानाने ठरवावं लागतं. चरणजित सिंगांनी जपानी यंत्रात मालकंस ओतला.

लोकांना तो रुचला नाही. रागदारीच्या श्रोत्याला त्यात ठेका खटकला असणार, आणि नाचणाऱ्याला गाणं हवं होतं. तबकडी विस्मरणात गेली. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्युचर’ नावाच्या गटाने तेच पडून राहिलेलं यंत्र घेऊन एक तबकडी काढली आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार जगभर गाजला. मुंबईची तबकडी त्यांनी ऐकली होती, असा कुठलाही पुरावा नाही. पण तो आवाज इथे पाच वर्षं आधी निघाला होता.

२००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला ती जुनी तबकडी दिल्लीत सापडली. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा ही कुणा आजच्या कलाकाराने केलेली थट्टा असावी, अशी शंकाही काहींनी घेतली. मग सत्तरीतल्या चरणजित सिंगांना युरोपात बोलावणी आली. तिथल्या तरुण पोरांसमोर त्यांनी हेच राग पुन्हा वाजवले. २०१५ च्या जुलैमध्ये मुंबईत ते गेले.

इराणातही असंच घडलं. तेहरानचे कुरोश यग्माई गिटार स्वतःच शिकले. ‘गुल-ए-यख’ या १९७३ च्या गाण्याने त्यांना नाव मिळवून दिलं. १९७९ च्या क्रांतीनंतर त्यांच्या संगीतावर बंदी आली. त्यांची जुनी गाणी २०११ मध्ये अमेरिकेतून पुन्हा निघाली. तिथे सत्तेने दार लावलं. आपल्याकडे कुणी बंदी घातली नव्हती, आपण फक्त ऐकलं नाही.

यात एक बोचणारी गोष्टही आहे. अशाच यंत्रांनी पुढे स्टुडिओंतल्या मोठ्या वाद्यवृंदाची गरज कमी केली. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रातही ढोलकीवाल्याच्या जागी ऑक्टोपॅड आला. कारखान्यात रोबो येतो तेव्हा मनात जी धाकधूक होते, तीच या वादकांच्या घरांत झाली असेल. चरणजित सिंगांच्या तबकडीने ती धाकधूक मिटत नाही. एवढं मात्र कळतं, की त्या यंत्राने कॅटलॉगात लिहिलं नव्हतं ते काम केलं, कारण त्याच्यापुढे आयुष्यभर सूर ऐकलेला माणूस बसला होता.

ही दहा रागांची तबकडी आता सहज ऐकायला मिळते. मालकंसापासून सुरुवात करा. आणि पुढच्या वेळी ‘दम मारो दम’ लागलं, की घरातल्या मुलांना त्या वादकाचं नावही सांगा.